झेडराव झिप ऐकायला जातात

झेडरावांना खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी बाहेर निघायचं. एरवी शब्दकोशाच्या कार्यालयात ज्याचं जे अक्षर तेच त्याचं नाव. इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत सांगणारा एक मोठा कोश तिथे वर्षानुवर्षं शिजत होता. अक्षरं वाटली त्या दिवशी आमचे हे गृहस्थ नेमके चहा प्यायला खाली उतरले होते. वर येऊन बघतात तर बी, एम, एस अशी भरदार अक्षरं लोकांनी केव्हाच उचललेली. उरलं होतं झेड. (चहाही काही खास नव्हता.)

आता कोश म्हटला की तो 'ए'पासून सुरू होणार आणि 'झेड'वर संपणार, हे उघडच आहे. बी-काका आपलं अक्षर उरकून सेवानिवृत्तसुद्धा झाले. झेडराव मात्र दुसऱ्यांची मुद्रितं तपासत आपल्या पाळीची वाट बघत बसले. 'एम'च्या वेळी काम असं रखडलं, की त्यांनी वैतागून भर कार्यालयात प्रतिज्ञा केली, "माझ्या अक्षराचा शेवटचा शब्द मंजूर होईपर्यंत दाढी करणार नाही!" बायकोला वाटलं, दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. दाढी छातीवर टेकली तेव्हा कोश 'पी'त होता.

आणि एकदाचा झेड आला! शब्द मोजकेच, पण त्यातले बरेचसे आवाजावरून झालेले. इथेच खरी मेख होती. कोशाच्या प्रमुखांचा एक नियम होता, "कानावर आल्याशिवाय कागदावर नाही." आवाजावरून झालेला प्रत्येक शब्द संपादकाने त्या वस्तूपाशी जाऊन स्वतः ऐकायचा. मगच त्या शब्दापुढे कंसात 'श्रुत' असं छापून यायचं आणि त्याच्यापुढे ऐकणाऱ्याचं अक्षर. 'बझ' या शब्दापायी बी-काका मधमाश्यांच्या पोळ्यापर्यंत गेले होते. परत आले तेव्हा त्यांना तोंडावरून ओळखणं कठीण होतं, पण कोशात 'श्रुत : बी' असं ठसठशीत छापून आलं. माणसाचं नाव म्हणून त्या जाडजूड पुस्तकात जे काय उमटायचं ते एवढंच.

झेडरावांचे बाकीचे शब्द मार्गी लागले. राहिला एक. झिप.

तो रविवार होता आणि घरात गडबड उडाली होती. झेडरावांचा मेहुणा त्या दिवशी गिर्यारोहणाच्या मोहिमेवर निघायचा होता. त्याला घरात सगळे 'डोंगऱ्या' म्हणत. आधीच्या दोन मोहिमांत ऐन वेळी त्याचं नाव गळलं होतं, या खेपेला कसंबसं लागलं होतं. त्याला निरोप द्यायला सासूबाई सकाळीच येऊन बसल्या होत्या. सासूबाईंना ऐकू कमी येत असे. म्हणजे, त्यांना हाक मारली तर ऐकू येत नसे. दोन खोल्यांपलीकडे कुणी त्यांच्याबद्दल कुजबुजलं तर मात्र शब्द न् शब्द ऐकू येई.

"दुपारी चारला गाडी येतेय," डोंगऱ्या म्हणाला. "आमचा म्होरक्या एक मिनिट थांबत नाही. ताई, मी जरा औषधं घेऊन येतो." आणि तो खाली गेला. बायको स्वयंपाकघरात त्याचे डबे भरत होती. सासूबाई खुर्चीत डोळे मिटून होत्या. झेडरावांनी विचार केला, तेवढ्यात झिपचं काम उरकून टाकू. पाच मिनिटांचं तर काम.

(जगातली सगळी संकटं पाच मिनिटांच्या कामातूनच निघतात.)

त्यांनी आधी बायकोची पर्स घेतली. डोळे मिटून चेन ओढली. किर्र. मग सोफ्याच्या उशीचा अभ्रा. खर्र. मग स्वतःची कचेरीची बॅग. ती अर्ध्यात अडकून नुसतीच कण्हली. झेडराव हिरमुसले. घरातल्या यच्चयावत चेना किर्र, खर्र, सुर्र असं आपल्या भाषेत बोलत होत्या. एकीलाही इंग्रजीचा गंध नव्हता.

आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष पलंगाकडे गेलं.

पलंगावर डोंगऱ्याचा बर्फातला सूट पसरला होता. लालभडक, अंगभर एकच, आत पिसं भरलेला, गादीसारखा फुगलेला. आणि त्याला गुडघ्यापासून थेट हनुवटीपर्यंत गेलेली एकच एक लांबलचक झिप! झेडरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांनी ती ओढून पाहिली, पण सूट पलंगावर ढिला पडलेला, त्यामुळे आवाजही ढिला. झिप बोलायला हवी तर कापड ताणलेलं हवं. कापड ताणायचं तर आत माणूस हवा. घरात रिकामा माणूस एकच होता.

बनियन आणि पायजम्यावरच झेडराव सुटात शिरले. खाली वाकून त्यांनी झिपची पट्टी चिमटीत धरली, डोळे मिटले, कान टवकारले आणि एका दमात वर ओढली.

झिप निघाली छान. पोटापर्यंत आली, छातीपर्यंत आली. आता पूर्ण आवाज ऐकू येणार तोच वरच्या टोकाला तिने दाढी गिळली.

"आई गंऽऽ!"

या आवाजाने स्वयंपाकघरातून बायको धावत आली. सासूबाईंनी एक डोळा उघडला. खोलीच्या मधोमध एक लाल गाठोडं उभं होतं. त्याच्या वरच्या टोकाला झेडरावांचं अर्धं तोंड दिसत होतं, छताकडे वळलेलं.

"अहो! हे काय?"

"काही नाही गं. झिप ऐकत होतो."

"ऐकायला अंगात घालावी लागते?"

"तुला नाही कळायचं. हा शास्त्राचा भाग आहे."

बायकोने पट्टी खाली ओढून पाहिली. पट्टी हलली नाही, झेडराव हलले. तिने वर ओढली, झेडराव टाचा उचलून उभे राहिले. "अगं, हळू! ती चेन आहे, घंटा नव्हे!" ते ओरडले.

एवढ्यात डोंगऱ्या औषधांची पिशवी घेऊन आत आला आणि दारातच थांबला. आधी तो खदखदून हसला. मग त्याने जवळ येऊन झिप निरखली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"भावोजी, केस पट्टीच्या आत ओढले गेलेत. पार दातांमधून."

"अरे, मग काढ ना. वर चढतोस एवढे डोंगर, एक चेन खाली आणता येत नाही?"

"जोर केला तर दात तुटतील. ही झिप तुटली म्हणजे सूट गेला. वर वारा असा असतो की बोटभर फट राहिली तरी माणूस गारठतो. माझ्या मापाचा हा एकच सूट होता संस्थेकडे. हा नाही तर मला नेणार नाहीत."

बायको खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. दोनदा नाव गळल्यावर हा पोरगा कसा आठ-आठ दिवस भिंतीकडे तोंड करून झोपला होता, ते तिने पाहिलं होतं. झेडरावांनीही पाहिलं होतं. सुटाच्या आत त्यांना दरदरून घाम फुटला, आणि तो नुसत्या उकाड्याचा नव्हता.

मग उपाय सुरू झाले. बायकोने मेणबत्ती घासली. डोंगऱ्याने पेन्सिलीचं शिसं घासलं. सासूबाईंना एव्हाना सगळं कळलं होतं, त्या म्हणाल्या, "गोडंतेल घाला."

"तेल नको आई, थंडीत गोठेल," डोंगऱ्या म्हणाला.

"हो ना, मीही तेच म्हणते," सासूबाई म्हणाल्या. "भरपूर घाला."

साबण लावला. साबणाचा फेस झेडरावांच्या नाकात गेला आणि त्यांना शिंक आली. प्रत्येक शिंकेबरोबर दाढीला हिसका, प्रत्येक हिसक्याबरोबर आणखी चार केस आत. बुडत्याचा पाय खोलात, दुसरं काय! बाहेर ऊन रणरणत होतं, पंखा आपला गरम हवा इकडची तिकडे ढकलत होता, आणि झेडराव हिमशिखरावरच्या पोशाखात उभ्या उभ्या शिजत होते. बायकोने फ्रिजमधला बर्फ पंच्यात गुंडाळून त्यांच्या डोक्याला बांधला. पंचा मोठा होता, तो कानांवरूनही गेला. (हा पंचा लक्षात ठेवा.)

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. झेडरावांना मात्र घाबरले की माहिती सांगायची सवय होती.

"गंमत बघा," ते छताकडे बघत म्हणाले, "झिप हे मुळात चेनेचं नावच नव्हे. आधी तो नुसता आवाज होता. बंदुकीची गोळी कानाजवळून जाते ना, किंवा कापड सर्रकन फाटतं, तो."

"कापड फाटल्याचं नाव काढू नका," बायको म्हणाली.

"मग त्यावरून चपळाईला झिप म्हणायला लागले. तरतरीला."

"दिसतेच आहे तरतरी."

"मग एका कंपनीने रबरी बूट काढले. बांधायला नाडी नाही, ओढलं की बंद. त्या बुटाला आवाजावरून नाव दिलं. लोकांनी ते बुटाचं नाव उचलून चेनेलाच चिकटवलं! बूट गेले, नाव राहिलं. आणि अमेरिकेत तर शून्यालाही झिप म्हणतात. शिवाय एखाद्याला तोंड बंद ठेव म्हणून सांगायचं असलं तरी ओठांवरून बोट फिरवून—"

"अहो, तो शेवटचा अर्थ जरा अमलात आणता का?"

"आम्ही तर बाई चेनच म्हणतो," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

एवढ्यात खाली गाडीचा भोंगा वाजला. डोंगऱ्या खिडकीकडे धावला. "आले!" मग त्याचा फोन वाजला. पलीकडून म्होरक्याचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू येत होता. "सामान घेऊन खाली ये!"

"सर, जरा अडचण आहे. सुटात भावोजी आहेत."

"सुटात काय आहेत?"

"भावोजी. माझ्या बहिणीचे यजमान. निघत नाहीयेत."

"मग आहेत तसे गाडीत घाल. वाटेत काढू. नाही निघाले तर तळावर स्वयंपाकाला माणूस हवाच आहे."

झेडरावांची पाचावर धारण बसली. त्यांनी आशेने बायकोकडे पाहिलं. बायको मनातल्या मनात विचार करत होती, आणि तो फारसा विरोधात नसावा असं त्यांना वाटलं.

"दहा मिनिटं देतो," म्होरक्या म्हणाला आणि फोन बंद झाला.

आता खरं सांगायचं तर उपाय एकच होता, आणि तो पहिल्यापासून सगळ्यांना दिसत होता. बोलत कुणी नव्हतं. कारण ती दाढी म्हणजे साधी दाढी नव्हती. ती प्रतिज्ञा होती. झिप मंजूर झाली की सगळ्या अक्षरांच्या समक्ष प्रमुखांच्या हस्ते पहिला वस्तरा फिरायचा, असं ठरलं होतं. बी-काकासुद्धा त्यासाठी उद्या मुद्दाम येणार होते. इतकी वर्षं वाट पाहून उद्याच्या एका दिवसासाठी प्रतिज्ञा मोडायची? झेडरावांनी हाताने दाढी चाचपली, आणि त्यांना भडभडून आलं.

डोंगऱ्याने ते पाहिलं. तो त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "राहू द्या भावोजी. दाढी नका कापू. तुमचं इतक्या वर्षांचं आहे. मी खाली जाऊन सांगतो त्यांना, की तुम्ही व्हा पुढे. माझं काय, डोंगर कुठे जातोय? पुढच्या वर्षी बघू." आणि तो हसला. पण हसताना त्याने मान दुसरीकडे वळवली.

या पोराने लहानपणी झेडरावांच्याच पाठीवर चढून चढायला सुरुवात केली होती. मग कपाटावर, मग गच्चीच्या टाकीवर. आपण एक आवाज ऐकायच्या नादात त्याचा डोंगर अडवून बसलोय, हे त्यांच्या काळजाला जाऊन लागलं.

"मूर्खा, पुढच्या वर्षी कसला बघतोस!" ते गरजले. (तोंड वर असल्यामुळे ते पंख्यावर गरजले.) "अगं, कात्री आण!"

"ही घ्या," बायको म्हणाली.

कात्री तिच्या हातातच होती. मघापासून ती पाठीमागे लपवून उभी होती. किंबहुना, 'पी'पासूनच ती तयारीत होती असं म्हटलं तरी चालेल.

कच्, कच्, कच्. दाढी गेली. झेडरावांची मान कितीतरी वेळाने खाली आली. बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. दाढीच्या जागी एक नवीकोरी हनुवटी निघाली होती, मध्ये खळी असलेली. ती खळी आपण कुठे बरं पाहिली होती, असा विचार करता करता तिला आठवलं आणि ती उगीचच पदर सावरू लागली.

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या, "हे तर लग्नाच्या फोटोतले जावईबापू! मला वाटलं, हे कुणी दुसरेच राहतात इथे."

पण दाढी कापली तरी तिचा झुपका झिपच्या दातांत होताच. बायकोने भुवयांचा चिमटा आणला आणि डोंगऱ्याने एकेक केस उपसायला सुरुवात केली. खाली भोंगा वाजला. डोंगऱ्या दोन-दोन केस एकदम ओढू लागला.

"घाई करू नकोस," झेडराव म्हणाले. "कोश असाच होतो. एका वेळी एक." आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

शेवटचा केस निघाला. डोंगऱ्याने श्वास रोखला, पट्टी धरली आणि हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत एका झटक्यात खाली ओढली.

"सुटलो!" झेडराव आनंदाने किंचाळले.

"सुटला!" बायको ओरडली.

डोंगऱ्याने झिप वरपासून खालपर्यंत निरखली. एकही दात हलला नव्हता. त्याने झेडरावांना मिठी मारली, मग ताईला, मग आईच्या पाया पडला, सूट पिशवीत कोंबला आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत पळाला. सगळे खिडकीशी धावले. गाडी वळेपर्यंत तो हात हलवत होता. बायकोने डोळे पुसले. झेडराव बनियनवर उभे राहून वारा खात होते, आणि जन्मात एवढं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं. सूट वाचला होता, पोरगा गेला होता, आणि बायको चक्क त्यांच्या हनुवटीकडे बघून हसत होती. आणखी काय पाहिजे माणसाला!

"काय गोड वाजली पण," सासूबाई मागून म्हणाल्या.

"काय वाजलं?" झेडरावांनी डोक्याचा पंचा सोडत विचारलं.

"चेन हो तुमची. उघडली तेव्हा. झिप्! अगदी स्पष्ट."

झेडराव मटकन खाली बसले. तेवढा एकच क्षण ती झिप बोलली होती, आणि त्या क्षणी त्यांच्या कानांवर पंचा होता आणि तोंडाने ते स्वतः किंचाळत होते. "तू ऐकलंस?" त्यांनी बायकोला विचारलं.

"छे! मीही ओरडत होते."

"गाडी फार लांब नसेल गेली," झेडराव दाराकडे वळत म्हणाले. "नुसती एकदा ओढून—"

"खबरदार!" बायको म्हणाली. कात्री अजून तिच्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात रखवालदाराने त्यांना ओळखलं नाही आणि नाव विचारलं. झेडरावांना स्वतःचं नाव चटकन आठवेना. वर वस्तरा, पाणी, टॉवेल मांडून सगळी अक्षरं वाट बघत उभी होती. बी-काका झेडरावांकडे एकटक बघत म्हणाले, "आम्हाला बोलावलं कशाला मग?" तेव्हा झेडरावांनी सगळी हकिगत सांगितली. एस-बाई हसून हसून खाली बसल्या.

प्रमुख हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि झिपचा कागद पुढे ओढला. "बाकी सगळं ठीक. ऐकलीत का?"

झेडरावांच्या जिभेवर 'हो' आलं होतं. तिथे कोण बघायला आलं होतं? पण आयुष्य त्या नियमाखाली काढलेलं, जीभ काही वळेना.

"नाही साहेब. मी नाही ऐकली. सासूबाईंनी ऐकली."

"मग 'श्रुत' पुढे त्यांना लिहू."

"साहेब, त्यांना ऐकू येत नाही!"

"तुम्हाला तरी कुठे आलं?" असं म्हणून प्रमुखांनी कागदावर सही केली, आणि कोश पूर्ण झाला.

पुढे डोंगऱ्या शिखरावर जाऊन आला. नाक सोललेलं, ओठ फुटलेले, पण चेहऱ्यावर असं तेज की बघत राहावं. झिपने शेवटपर्यंत साथ दिली, म्हणाला. फक्त रोज सकाळी तिच्यातून भावोजींचा एक केस निघायचा, आणि मोहिमेतले सगळे तो शुभशकुन मानायचे.

तो परतला त्याच आठवड्यात कोश छापून आला. झेडरावांनी पहिली प्रत सासूबाईंच्या मांडीवर ठेवली आणि शेवटून काही पानं उलटून दाखवली. झिप. अर्थ, उगम, आणि कंसात बारीक अक्षरांत 'श्रुत : सासूबाई'. सासूबाईंनी ते तीनदा वाचलं. मग पुस्तक काखेत मारून त्या इमारतीतल्या दारादारांतून दाखवून आल्या. परत आल्या तेव्हा दमल्या होत्या, पण डोळे चमकत होते. खुर्चीत बसून त्यांनी त्या जाडजूड पुस्तकावरून प्रेमाने हात फिरवला.

"छान छापलंय हो, जावईबापू," त्या म्हणाल्या. "आणि बाकीचं हे एवढं सगळं कुणी लिहिलंय?"